कागदावरची मेंढी

मोनोरेल वळणावर आली आणि खिडक्या आंधळ्या झाल्या. यात नवीन काही नव्हतं. रुळालगत राहत्या इमारती आल्या की डब्याच्या काचा आपोआप दुधाळ होतात, म्हणजे कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये. इमारती संपल्या की पुन्हा स्वच्छ. तेगू शहराने लोकांच्या अब्रूची एवढी काळजी घेतलेली असल्यामुळे, नेमकं काय दिसलं नाही हे प्रवाशांना रोज दोनदा कळत असे. पिलनाम दाराजवळ उभी होती. एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन. फोनवर सुनेने सकाळी पाठवलेलं एक चित्र होतं आणि सहा स्थानकं झाली तरी तिने ते उघडलेलं नव्हतं. शेवटी तिने अंगठा टेकवला. त्याच क्षणी काचा पांढऱ्या झाल्या, गाडीने हिसका दिला आणि शेजारच्या म्हातारीच्या पिशवीतला मुळा तिच्या डाव्या छातीवर येऊन आदळला.

"लागलं का गं पोरी?" म्हातारी म्हणाली. पिलनाम एकोणसाठ वर्षांची होती. पण म्हातारी नव्वदीची असावी, त्यामुळे तिचा हिशोब बरोबर होता.

"नाही आजी. मुळ्याला काही झालं नाही ना?"

"मुळ्याला काय होतंय? जेजू बेटावरचा आहे. थंडीतला. दगड असतो नुसता."

दोघी हसल्या. लागलं होतं. पण लागलं ते मुळ्यामुळे नव्हे. बाहेरून मुळा आणि आतून दुसरं काहीतरी, आणि मधल्या मधे पिलनाम, अशी ती टक्कर झाली होती. आतलं जे होतं तेही दगडच होतं, जर्दाळूच्या बीएवढं. ते आहे हे तिला पानगळीपासून माहीत होतं. पण एखाद्या गोष्टीचं माहीत असणं आणि त्या गोष्टीने उलट धक्का देणं यात फरक आहे. आजवर ते निमूट पडून होतं. आज त्याने मुळ्याला उत्तर दिलं. काचा स्वच्छ झाल्या, खाली ओढ्याचं गोठलेलं पाणी दिसलं, आणि फोनवर तांबूस रंगाचं, डोळे मिटलेलं, मूठ गालाला लावलेलं एक तोंड दिसलं. खाली यूरिमने लिहिलं होतं : 'आई, ही बघा तुमची नात. मे महिन्यात येणार. घोड्याच्या वर्षाची! आम्ही पोटातल्या पोटात तिचं नाव शिंगरू ठेवलंय. आणि गेल्या वर्षी तुमच्या तपासणीचं साल होतं, ती केलीत का? आज अहवाल पाठवा. नाहीतर मी एवढं पोट घेऊन तेगूला येईन आणि हाताला धरून नेईन.'

यूरिम बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी होती. पिलनामच्या मुलाने आयुष्यात केलेली ती एकमेव हुशारीची गोष्ट.

छा वैद्यांचा दवाखाना जडीबुटीच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर. तिथे पिलनाम गेली चौदा वर्षं उष्णतेचा कॅमेरा चालवत होती. त्याआधी ती मागच्या खोलीत काढे उकळायची. कॅमेरा आला तेव्हा प्रश्न पडला की चालवणार कोण. बायकांना कपडे उतरवायला सांगायचे म्हणजे चालवणारी बाईच हवी. दवाखान्यात तेव्हा दोनच बायका होत्या, वैद्यांची पत्नी आणि पिलनाम. वैद्यांच्या पत्नीने नकार दिला आणि अशा रीतीने विज्ञानाची धुरा पिलनामच्या खांद्यावर आली. काम सोपं होतं. आदल्या दिवसापासून गरम पाण्याचं कुंड नाही, कॉफी नाही, अंगाला मलम नाही. मग पडद्यामागे उघडं होऊन पंधरा मिनिटं उभं राहायचं, हात अंगापासून लांब, एखाद्या भिजलेल्या कोंबडीसारखं. खोली तेवीस अंशांवर. तेवढ्या वेळात अंगावरची उसनी ऊब उतरते आणि स्वतःची तेवढी उरते. मग कॅमेरा तिचं चित्र काढतो. ऊन जागा तांबडी, मध्यम हिरवी, गार निळी. तेगूतल्या बायकांची पोटं बहुधा निळी निघत. आणि गंमत अशी, की पोट निळं निघालं की बाई एकदम खूश व्हायची. 'बघा! इतकी वर्षं सांगत होते ना, मला आतून गार वाटतं म्हणून!' नवऱ्याला दाखवायला रंगीत कागद मिळायचा. ज्या गोष्टीला घरात कुणी किंमत देत नव्हतं तिला पहिल्यांदाच रंग मिळालेला असायचा. त्या आनंदात तीन महिन्यांचा काढा कडू लागत नसे.

पाचेक वर्षांपूर्वी वैद्यांनी छातीचंही चित्र सुरू केलं. यात शिवायचं नाही, दाबायचं नाही, आत किरण सोडायचे नाहीत. शरीर आपणहून जेवढं सांगेल तेवढंच ऐकायचं. बायकांना ते फार आवडलं. पिलनामलाही आवडलं. अहवालाची वाक्यं वैद्यांनी सांगितली आणि तिने टाइप केली. 'दोन्ही बाजूंचं तापमान समतोल आहे. चिंतेचं कारण दिसत नाही.' त्याखाली वैद्यांनी मुद्दाम ठळक अक्षरांत घालायला लावलं होतं, 'ही तपासणी स्तनांच्या एक्स-रेची जागा घेत नाही. तो वेळच्या वेळी करून घ्यावा.' पण या ठळक वाक्यामुळे मजकूर दुसऱ्या पानावर जायचा, आणि एका ओळीसाठी दुसरं पान वाया जायचं. पिलनामने अक्षरं बारीक केली. मग आणखी थोडी. शेवटी ती ओळ पानाच्या तळाशी मुंग्यांसारखी मावली. छा वैद्य सज्जन माणूस होते, पिलनामही सज्जन होती. दवाखान्यात कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. खरं फक्त जरा बारीक लिहिलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शेवटची आली ती एक तरुण मुलगी, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, आणि तिच्याबरोबर तिची आई. पंधरा मिनिटांचा गारठा झाला, कॅमेरा चालला, आणि स्क्रीनवर मुलीच्या बेंबीखाली एक लालभडक चौकोन उमटला. पिलनामने तो बराच वेळ पाहिला. चौदा वर्षांत तिने पोटात ढग पाहिले होते, बेटं पाहिली होती, एकदा तर हुबेहूब बदक पाहिलं होतं. पण निसर्ग सहसा चौकोन काढत नाही.

"अहो ताई," ती मुलीच्या आईला म्हणाली, "पोरीच्या पोटावर काय चिकटवलं होतंत?"

"कुठे काय?"

"आई, सांग ना आता," पडद्याआडून मुलगी म्हणाली.

"तू गप गं. ऊबेची पट्टी होती हो. आत्ता संडासात नेऊन काढली. का, दिसतेय?"

"कडा दिसतायत. कोपरे गोल आहेत, तेही दिसतंय."

"मग असं लिहा की हिचा गर्भाशयच चौकोनी आहे. विहीणबाईंना काय कळतंय!"

मुलगी पडद्यामागे खुदखुदली. आईही हसली, पण मधेच थांबली. "त्यांनी अहवाल मागितलाय. त्यांचं म्हणणं, हिचं पोट गार म्हणून काही राहत नाही."

"जावयाचं पोट तपासलं का?"

"पुरुषाचं पोट गार नसतं. नुसतं मोठं असतं."

"पुन्हा पंधरा मिनिटं थांबा," पिलनाम म्हणाली. "उसनी ऊब उतरू दे. मशीनला फसवता येत नाही, ताई."

हे वाक्य ती नेहमी म्हणायची. आज ते तोंडातून निघालं आणि परत तिच्याच कानावर आलं. ओळखीच्या माणसाने गर्दीत ओळख न दाखवता जावं, तसं पुढे निघून गेलं.

एक वाजता दवाखान्यातले दिवे गेले, म्हणजे घालवले. दोन वाजेपर्यंत सुट्टी. वैद्य आतल्या खोलीत गरम फरशीवर आडवे झाले. नोंदणीच्या खिडकीवर बसणारी हानबित, सत्तावीस वर्षांची, डबा घेऊन पिलनामच्या दारात आली.

"बाई, चला. आज गोगलगायींचं सूप आहे." नदीतल्या छोट्या गोगलगायींचं हे सूप हानबितची आई फार चांगलं करायची.

"तू हो पुढे. मला एक फाइल बघायचीय."

"विम्याच्या ऑफिसला फोन केलात का?"

"कशाला?"

"झालं! गेल्या वर्षीची तपासणी राहिली असेल तर फोन करून या वर्षात मागून घेता येते. माझ्या आत्याने घेतली. दोन मिनिटं लागतात, त्यातलं दीड मिनिट गाणं ऐकण्यात जातं."

"माझं जन्मसाल विषम. सदुसष्ट. हे साल सम आहे. विषम सालात जन्मलेल्यांनी विषम सालातच सरकारी तपासणीला जायचं असतं."

"फोन केला की विषमचं समही करतात."

"सरकारी नियम असा मोडू नये."

"नियमाच्या एवढ्या पक्क्या ना तुम्ही? मग फ्रीजवर 'दुसऱ्याचं खाऊ नये' असं लिहिलंय, आणि काल माझं दही कुठे गेलं?" हानबित दाराला टेकून उभी राहिली. तिचा आवाज खाली आला. "बाई, डिसेंबरात मी तुम्हाला हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडून आले होते. तुम्ही आत गेलात, एवढंच मी पाहिलं. बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात काहीच नव्हतं. कागद नाही, पिशवी नाही."

"गर्दी होती."

"गर्दी असणारच. अख्खं तेगू डिसेंबरातच जागं होतं."

"जा गं. सूप गार होईल."

हानबित गेली. पिलनामने दार लावलं, तापमान तेवीसवर आहे हे पाहिलं, आणि पडद्यामागे जाऊन कपडे उतरवले. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ती हे करत असे. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. कॅमेऱ्याला फिल्म लागत नाही. तिने फोनवर पंधरा मिनिटं लावली आणि हात अंगापासून लांब धरले.

पहिली दोन मिनिटं गार काहीच वाटत नाही. मग दंडांवर काटा येतो. मग अंग एकेक गोष्ट सोडून द्यायला लागतं, आधी स्वेटरची ऊब, मग गाडीची, मग सकाळच्या भाताची. आणि ती गेली की त्याखालच्या जुन्या गोष्टी वर येतात. पिलनामला बाप आठवायचा. ती जन्मली ती सदुसष्टात नव्हे, सहासष्टच्या भर उन्हाळ्यात, आगीच्या घोड्याच्या वर्षी; साधा घोडा दर बारा वर्षांनी फिरून येतो, आगीचा साठ वर्षांतून एकदाच. घोड्याच्या वर्षाची बाई नवऱ्याला लाथ मारते, असं बापाचं म्हणणं होतं, म्हणजे सगळ्या गावाचं म्हणणं होतं, बापाचं स्वतःचं असं म्हणणं कधी नसे. त्यात ती चौथी मुलगी. तिचं नाव त्याने ठेवलं पिलनाम, म्हणजे खात्रीने मुलगा, आणि ही खात्री पुढच्या बाळंतपणासाठी होती. नाव ठेवलं, पण कचेरीत नोंदवलं नाही. वर्ष पालटेपर्यंत तो थांबला. घोडा गेला, मेंढीचं वर्ष आलं, त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी तो दोन कोंबड्या विकून कचेरीत गेला आणि आठ महिन्यांच्या, दोन दात आलेल्या पोरीला आजच जन्मली म्हणून लिहून आला. कारकुनाने विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, 'झाली मेंढी. आता हे कुणाला सांगू नकोस, तिलाही नको.' पण तिला सांगितलंच, लग्नाच्या आदल्या दिवशी, कारण आपण केलेल्या युक्तीचं कुणीतरी कौतुक करायला हवं ना. 'बघ, मेंढी म्हणूनच एवढं चांगलं घर मिळालं. तोंड मिटून राहा.'

तोंड मिटून राहणं ही तिला जमणारी गोष्ट होती. मेंढीला तेच शोभतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नव्वद साली, पुन्हा घोडा आला, या खेपेला पांढरा, आणि तिला दिवस गेले. सासू तिला घेऊन गेली ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली दार असलेल्या एका डॉक्टरकडे. पोटावर काहीतरी गार, चिकट ओतलं. गार आणि चिकट, हे तिला आजही बेंबीपाशी जाणवतं, तिथे तापमान कितीही असो. डॉक्टरने करड्या पडद्याकडे पाहिलं. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी होती आणि डॉक्टर कायदा पाळणारा होता, म्हणून तो एवढंच म्हणाला, 'अगदी आईसारखी होईल हो.' मग त्याने पडदा पिलनामकडे वळवला. मुद्दाम नसावं, तार पुसताना वळला असेल. करड्या पावसात एक मूठ होती. गालाला लावलेली. सासू जिन्यात थांबली, रुमालाने कपाळ पुसलं, आणि वाईट वाटून म्हणाली, अगदी मनापासून वाईट वाटून, 'घोडी घरात आली तर माझ्या मुलाचं कसं होईल गं? तू कशी आहेस बघ, मेंढीसारखी गरीब. हिच्यापायी तुझेच हाल होतील.' पिलनाम त्या वेळी म्हणू शकली असती, 'आई, मीच घोडी आहे. दोन वर्षं तुमच्या घरात आहे, कुणाला लाथ मारली का?' वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. जिन्यात तेवीस पायऱ्या होत्या. तिने त्या मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर ती ते म्हणणार होती. रस्त्यावर आल्या तेव्हा सासूने तिला वाफाळता मोमो घेऊन दिला आणि तिने तो खाल्ला. भूक लागली होती, हे खरंच आहे. तीन दिवसांनी सगळं उरकलं. पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला. ती राहिली असती तर हा झाला नसता, आणि हा झाला नसता तर यूरिम कुठली, आणि शिंगरू कुठलं. हे गणित पिलनाम गेली कित्येक वर्षं रात्रंदिवस करत होती आणि उत्तर दर वेळी बरोबर यायचं, म्हणूनच ते सहन होत नसे. चार वर्षांपूर्वी नवरा टॅक्सीत, लाल सिग्नलला उभा असताना, स्टिअरिंगवर मान टाकून गेला. सासू तेव्हा ब्याण्णव वर्षांची होती. ती प्रेतापाशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'असा कसा गेला? बायको तर मेंढी होती.'

सहा मिनिटं उरली होती. पायाची बोटं बधिर झाली. जिन्याखालच्या त्या डॉक्टरनंतर आत बघणाऱ्या मशीनपुढे ती कधी गेली नाही. कुणी विचारलं तर सांगायला तिच्याकडे चार-पाच कारणं होती, सगळी पटण्यासारखी. या उष्णतेच्या कॅमेऱ्यावर तिचा जीव बसला तो याचसाठी, की हा आत बघत नाही. दाराबाहेर उभा राहतो आणि आतून जी धग येईल तेवढीच टिपून घेतो, सभ्य शेजाऱ्यासारखा. विषम सालं येत गेली, एकवीस, तेवीस, आणि ती दर वेळी स्वतःला सांगत गेली की महिन्याच्या महिन्याला चित्र काढतेय, दोन वर्षांतून एकदाच्या एक्स-रेपेक्षा हे बरं. गेल्या डिसेंबरात मात्र ती खरोखरच आत गेली होती. टोकन घेतलं, दोनशे चौदा. बाकावर बसली. तिच्यासारख्याच विषम सालच्या पन्नास-साठ बायका, सगळ्यांच्या अंगात तोच गुलाबी झगा, बोर्डिंगच्या मुलींसारख्या. शेजारची बाई तिला म्हणाली, 'दोन काचांत धरून अंड्याच्या पोळीएवढं चपटं करतात हो! पण काय असेल ते दिसतं तरी. स्पष्ट दिसतं.' पोळीचं पिलनामला काही वाटलं नसतं. 'स्पष्ट दिसतं' म्हटल्यावर ती उठली. टोकन बाकावर ठेवलं, कुणाला तरी लवकरचा नंबर मिळेल म्हणून.

आणि मार्च. मार्चची गोष्ट तिने कधी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. गेल्या मार्चमध्ये, शेवटच्या शुक्रवारी, असंच चित्र काढलं तेव्हा डावीकडे, वरच्या बाजूला, एक तांबूस ठिपका आला. उजवीकडे नाही. फरक एक अंशाहून जास्त. दुसऱ्या कुठल्या बाईचा असता तर तिने वैद्यांना बोलावलं असतं, आणि वैद्यांनी त्या बाईला समोरच्या हॉस्पिटलात पाठवलं असतं. असं या चार-पाच वर्षांत अकरा वेळा झालं होतं, आणि अकरांपैकी नऊ बायका पेढे घेऊन यावं तशा तांदळाची वडी घेऊन परत आल्या होत्या, काही नाही निघालं म्हणून. पिलनामने स्वतःशी म्हटलं, गाडीत खिडकीपाशी बसले होते, ऊन डाव्या अंगावर होतं. पिशवी डाव्या खांद्याला होती. तिने टॉवेल गार पाण्यात भिजवला, पिळला, त्या जागेवर दोन मिनिटं धरला. नुसता टॉवेल धरून लगेच चित्र घेतलं तर तिथे काळंनिळं भोक पडतं, कुणीही ओळखेल. म्हणून टॉवेल काढून बरोबर चार मिनिटं थांबायचं. तेवढ्यात बाहेरचा गारठा परतायला लागतो आणि आतली धग अजून पोचलेली नसते. त्या फटीत चित्र घेतलं की दोन्ही बाजू सारख्या. तिने पहिलं चित्र पुसलं आणि दुसरं ठेवलं. एप्रिलमध्ये टॉवेल आधीच भिजवून ठेवला. त्या ठिपक्याला काही अर्थ होता की नव्हता हे कॅमेऱ्यालाही माहीत नव्हतं, तो बिचारा तर ऊन पडलेल्या भिंतीलाही तांबडंच म्हणाला असता. पण तो एकदा काहीतरी म्हणाला होता, आणि तिने त्याला दुरुस्त केलं होतं.

फोन वाजला. पंधरा मिनिटं झाली. पिलनामने कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा अवधी दिला, आखलेल्या पावलांवर उभी राहिली, आणि मग स्क्रीनपाशी गेली.

आता तो ठिपका नव्हता. त्याला बाजूला दोन रेघा फुटल्या होत्या, वर काखेकडे जाणाऱ्या, तांबड्या, टोकाशी पिवळ्या. मुळ्यामुळे, ती म्हणाली. मुळा आदळला की रक्त धावतंच. हे कारण इतकं चोख होतं की एखादं कारण एवढं वेळेवर मिळावं याचीच तिला भीती वाटली. तिने बोटाने दाबून पाहिलं. जर्दाळूचं बी जागच्या जागी होतं. आपण नसलो तर काय करील हा माणूस, असं वाटायला लावणारा नवरा रोज सकाळी जागच्या जागी असतो, तसं.

फोनवर यूरिमचं पुन्हा आलं होतं. 'आई, वाचलंत ना? दोन निळ्या खुणा दिसतायत म्हणजे वाचलंय. गप्प बसू नका हं. शिंगरू वाट बघतंय.'

दाराआड उभं करून ठेवलेलं एक पुडकं तिला आठवलं. घरी, स्वयंपाकघराच्या दाराआड. नव्या वर्षाच्या बाजारात तिने बाळंतिणीच्या सुपासाठी समुद्रातलं शेवाळ घेतलं होतं, वाळलेलं, हातभर लांब. बाळंतपणाचं शेवाळ मोडायचं नसतं, दुमडायचं नसतं. दुकानदार कागदात तसंच्या तसं गुंडाळून देतो आणि आपण ते छातीशी उभं धरून घरी आणतो, पताकेसारखं. मे महिन्यात ते मोडायचं. त्याआधी घरात वाईट बातमी आणायची नसते. मग तीन आठवडे बाळाजवळ बाहेरच्या कुणी जायचं नसतं, आणि हॉस्पिटलांतून फिरणाऱ्या माणसाने तर नाहीच. मग उन्हाळा, तिची साठी, खरी साठी, आगीचा घोडा साठ वर्षांनी फिरून परत येतो ती, जी कागदावर नसल्यामुळे कुणी साजरी करणार नाही. मग थंडी. मग सत्तावीस साल. विषम. तेव्हा तिची पाळी येईलच. खरं जन्मसाल लिहिलं असतं तर पाळी आज होती, याच वर्षी, याच महिन्यापासून. हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हसू आलं. बाप थोर माणूस. दोन कोंबड्यांत केवढं काम करून गेला!

तिने नळ सोडला. जानेवारीचं पाणी, टॉवेल भिजवायला बर्फ लागला नाही. दोन मिनिटं. या खेपेला तिने तीन मिनिटं धरला, कारण रेघा होत्या. पाणी पोटावरून ओघळत बेंबीपाशी आलं, गार, आणि ती हलली नाही. मग चार मिनिटं. चार मिनिटांत ती कशाचाही विचार करत नव्हती. नुसती डोळे मिटून उभी होती, मूठ गालाला लावून. आपली मूठ तिथे आहे हे लक्षात येताच तिने हात खाली घेतला, कारण हात वर असला की काखेतली ऊब चित्रात येते.

चित्र सुरेख आलं. दोन्ही बाजू हिरव्या, कडेला निळ्या होत जाणाऱ्या, शेजारी शेजारी दोन तळी असावीत तशी. तिने पहिलं पुसलं. अहवाल छापला. 'दोन्ही बाजूंचं तापमान समतोल आहे. चिंतेचं कारण दिसत नाही.' कागद खिडकीच्या उजेडात धरून फोनने त्याचा फोटो काढला. पहिल्या फोटोत तळाची मुंग्यांची ओळ येत होती. वाचता आली नसती, पण येत होती. तिने फोन जरा वर सरकवून दुसरा काढला आणि तो पाठवला. वर लिहिलं, 'सगळं नीट आहे. शिंगराला सांग, उड्या मारू नकोस.'

उत्तर लगेच आलं. 'अय्या, आई! हे तर चित्रच आहे! किती सुंदर रंग! मी छापून घेते आणि बाळाच्या चित्राशेजारी फ्रेम करून लावते. दोघींचं शेजारी शेजारी.' त्याखाली घोड्याच्या पिल्लाचं नाचणारं चित्र.

दारावर टकटक झाली. पिलनामने स्वेटर ओढून घेतला. हानबितने डोकं आत घातलं. हातात वाटी होती, वर ताटली झाकलेली. तिची नजर जमिनीवर गेली, ओल्या टॉवेलवर, आणि तिथून स्क्रीनवर, जिथे दोन तळी अजून चमकत होती.

"कुणाचं काही सांडलं का, बाई?"

"हो. पुसलं."

हानबित मशीन शिकली नव्हती. तिने वाटी टेबलावर ठेवली, टॉवेल उचलला, बेसिनवर पिळला आणि दांडीवर वाळत घातला. दोन वाजले. दिवे आले. आतून वैद्यांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि खिडकीपाशी पहिली बाई येऊन बसलीच होती, चाळिशीची, ऑफिसातून वेळ काढून आलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

पिलनामने सुपाचा एक घोट घेतला. गार झालं होतं. मग ती पडदा सरकवून म्हणाली, "या. इथे कपडे अडकवा. पंधरा मिनिटं उभं राहायचं, हात अंगापासून लांब ठेवायचे."

"मावशी," बाई म्हणाली, "यात दुखत तर नाही ना?"

"छे," पिलनाम म्हणाली, "कळतसुद्धा नाही."